भट्टीवरचे तळवे

भट्टी फोडायचा दिवस म्हणजे त्या घरातला सगळ्यात गडबडीचा दिवस. उजाडायच्या आतच मुलाने पहार खांद्यावर टाकली, सुनेने घमेली उचलली, म्हातारी चहाची किटली घेऊन मागोमाग निघाली, आणि विटा न्यायला आलेला ट्रॅक्टरवाला तर अजून काही दिसायच्या आधीच ट्रॉली मागे घेत भट्टीला खेटला. मुलाने वरची राख ओढली, पहिल्या थरात पहार घातली आणि जोर लावला. वीट हलली नाही. त्याने पुन्हा घातली. पहारेचा आवाज असा आला, की जणू ती लोखंडावरच आपटली होती.

"हळू," ट्रॅक्टरवाला म्हणाला, "सगळी भट्टी एकदम ट्रॉलीत टाकतोस की काय?"

कोणी हसले नाही. मुलाने तिसऱ्यांदा पहार घातली, तेव्हा बाहेर आली ती एक वीट नव्हती. सात-आठ विटा वितळून एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या, वर हिरवट काचेसारखा थर. नुसता खंगर. मुलगा उजवीकडे सरकला, तिथेही तेच. मधोमध खणले, तेच. अर्धी भट्टी जळून दगड झाली होती.

सून घमेले घेऊन उभी होती, तशीच उभी राहिली. यातली निम्मीअधिक वीट तिने स्वतःच्या हाताने थापली होती. उकिडवे बसायचे, चिखलाचा गोळा साच्यात दाणकन आपटायचा, वरून हात फिरवायचा, साचा उचलायचा, पुढे सरकायचे. दिवसाला सातशे. गुडघे संध्याकाळी माझे नव्हेत असे वाटायचे. आणि हे असे.

तिने म्हाताऱ्याकडे पाहिले. तिचा सासरा भट्टीपासून थोडा लांब उभा होता आणि आभाळाकडे बघत होता.

त्या म्हाताऱ्याला सगळे 'मीटर' म्हणत. भट्टी पेटली, की रोज सकाळी तो अनवाणी भट्टीच्या माथ्यावर चढायचा आणि राखेच्या जाड थरावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालायचा. आत विस्तव कुठे पोचलाय, कुठे अडलाय, कुठे माजलाय, हे त्याच्या तळव्यांना कळायचे. "इथे दोन घमेली कोळसा. इथलं भोक बुजव. इथे काही करू नका, चांगलं चाललंय." झाले. चाळीस वर्षे त्याची एक भट्टी कच्ची राहिली नव्हती, एक जळाली नव्हती. आजूबाजूचे भट्टीवाले त्याला बोलावून न्यायचे. त्यामुळे म्हातारा नाकावर माशी बसू द्यायचा नाही, आणि पोटच्या मुलालाही त्याने कधी माथ्यावर चालू दिले नव्हते. मुलाने खाली उभे राहून घमेली द्यायची, एवढेच.

"कोळशात खोट आहे," म्हातारा शेवटी म्हणाला. "भलताच धगीचा माल दिलाय त्याने."

आणि सगळ्यांनी ते मानले! मानणार नाहीत तर काय? मीटर चुकेल, हे कोणाच्या डोक्यात यायलाच जागा नव्हती. कोळसेवाल्याला फोनवरून इतक्या शिव्या पडल्या, की त्या बापड्याने घाबरून दुसऱ्या दिवशी नवा माल स्वतः आणून टाकला. दुसरी भट्टी रचून तयार होतीच. गावातल्या शाळेच्या भिंती खिडकीपर्यंत येऊन अडल्या होत्या आणि गवंडी रोज येऊन डोके खात होता. चौथ्या दिवशी भट्टी पेटवली.

सुनेला मात्र काहीतरी टोचत होते. काय, ते तिला नीट सांगता आले नसते. म्हातारा घरून भट्टीकडे निघाला, की वाटेत दोन-तीनदा थांबायचा आणि मान वर करून आभाळ बघायचा. ढग नाही, पाखरू नाही, तरी बघायचा. मिनिटभराने पुन्हा चालू लागायचा. पोटरी धरते असे तो कोणाला सांगेल तर शपथ! आठ महिने त्याने सगळ्या घराला असेच आभाळ दाखवले होते. झोपतानाही त्याचा उजवा पाय खाटेखाली लोंबकळत असायचा. वर घेतला की ठणकतो, खाली सोडला की बरे वाटते. पाय बर्फासारखे गार पडायचे म्हणून म्हातारी रोज संध्याकाळी अर्धी वीट चुलीत तापवायची, फडक्यात गुंडाळायची आणि त्याच्या टाचेशी ठेवायची. वीट विझली, की दुसरी. विटा करणाऱ्यांच्या घरात शेकायला दुसरे काय असणार?

भट्टी पेटून चौथा दिवस. सून सकाळचा चहा घेऊन माथ्यावर चढली. म्हातारा मधोमध आरामात उभा होता, बागेत उभा असावा तसा.

"गार पडलीय," तो खालच्या मुलाला ओरडून सांगत होता. "या रांगेत सहा घमेली टाक!"

सून दोन पावले पुढे गेली आणि तिची चप्पल मागेच राहिली. रबर राखेला चिकटले होते. जळक्या रबराचा वास आला. तिला एकदम आठवले, मागच्या भट्टीवरही असेच झाले होते. तेव्हा चप्पल स्वस्तातली म्हणून ती चप्पलवाल्यावर चरफडली होती, आणि बोलली नव्हती. सासऱ्याच्या तळव्यांपुढे तिच्या चपलेला कोण विचारतो?

ती वाकली. राखेवर हात टेकला आणि विंचू चावल्यासारखा मागे घेतला.

"मामा," ती म्हणाली, "तुम्हाला पोळत नाही?"

"गार आहे म्हणतोय ना. चहा दे."

"पाय दाखवा."

"काय?"

"उजवा पाय उचला. तळवा दाखवा मला."

म्हाताऱ्याने तिच्याकडे असे पाहिले, की एखादी दुसरी सून खाली उडी मारून पळाली असती. पण ती त्याच्याच हाताखाली नऊ वर्षे चिखल तुडवत होती. तिने कप खाली ठेवला, त्याचा घोटा धरला आणि घोड्याचा पाय उचलावा तसा पाय वर उचलला. टाचेवर बोटभर लांबीची जखम होती. आत राख भरलेली, कडा पांढऱ्या. आणि करंगळी काळी. मळाने काळी नव्हे, आतून काळी.

"कोळसा थांबवा!" ती खाली बघून ओरडली. "एक घमेलं टाकू नका! वर या! आधी वर या!"

मुलगा धावत चढला. त्याने राखेला हात लावला, "आई गं!" म्हणून फुंकर मारली, मग बापाचा पाय पाहिला, आणि काय आधी करावे हेच त्याला कळेना. पुढचा अर्धा तास नुसती पळापळ झाली. मुलगा भोकांवर झाकणे टाकत होता, सून चिखलाचे गोळे करून त्यांच्या कडा बुजवत होती, म्हातारी खालून "काय झालं, काय झालं" करत होती, आणि सगळ्यांच्या मध्ये म्हातारा एक पाय वर धरून उभा होता.

"अरे, मी सांगतो ना, गार आहे!"

"आबा, भट्टी गार नाही," मुलगा म्हणाला. "तुमचा पाय गार आहे."

एवढे बोलून त्याने बापाला पाठीवर घेतले आणि खाली उतरवले. चाळीस वर्षांत म्हातारा भट्टीवरून कोणाच्या पाठीवर बसून उतरला नव्हता. तो मान खाली घालून बसला आणि आभाळही बघेना.

गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला आडवे केले. पायाच्या वरच्या बाजूला बोटे ठेवली, घोट्यामागे ठेवली, गुडघ्यामागे ठेवली, पण नाडी कुठेच लागेना. मग रक्तदाब बघायचा पट्टा आधी दंडाला बांधला, नंतर घोट्याच्या वर.

"हातात दीडशे," ते म्हणाले, "आणि पायात पंचेचाळीस."

"म्हणजे पायाचा चांगला झाला की," म्हातारा म्हणाला. "दाब कमी असलेला बरा असतो म्हणतात."

"बाबा, पाट फोडला आणि शेवटच्या वाफ्याला पाणीच पोचलं नाही, तर तिथलं पीक काय होईल? मांडीतली रक्तवाहिनी आत साका साचून बंद झालीय. खाली जातंय ते थेंबथेंब. म्हणून चालताना पोटरी धरते. म्हणून रात्री ठणकतं. म्हणून जखम भरत नाही आणि पोळलेलं कळत नाही. डाव्या पायाचीही तीच सुरुवात आहे. सिगारेटी किती?"

"जेवल्यावर एक," म्हातारा म्हणाला.

"दिवसाला वीस," सून म्हणाली.

"मग दिवसाला वीस वेळा जेवतात," डॉक्टर म्हणाले, आणि जखमेकडे वळले. "ही भट्टीवरची नाही. एकाच जागी रोज रोज भाजलंय. शेक कोण देतं?"

दाराशी उभी असलेली म्हातारी पुढे आली. "मी. वीट तापवून," ती म्हणाली. "पाय गार पडतात म्हणून."

डॉक्टर चांगला माणूस होता, ओरडला नाही. त्याने फक्त सांगितले, की अशा पायाला शेक द्यायचा नसतो, त्याला कळत नाही आणि कातडी भाजते. आजपासून बंद. म्हातारी हो म्हणाली आणि मागे सरकली. आठ महिने ती रोज वीट फडक्यात गुंडाळत होती, प्रेमाने.

डॉक्टरांनी तिथल्या तिथे मोठ्या दवाखान्यात फोन लावला. पायाच्या रक्तवाहिन्या उघडणाऱ्या डॉक्टरीणबाई तिथे आठवड्यातून एकच दिवस यायच्या, आणि तो दिवस उद्याचाच होता.

"पुढच्या आठवड्यात चालेल?" म्हाताऱ्याने विचारले.

"पुढच्या आठवड्यात करंगळीवर भागणार नाही. गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. उद्या सकाळी आठ वाजता तिथे पाहिजे."

घरी आल्यावर जे भांडण पेटले, त्याची धग भट्टीपेक्षा कमी नव्हती. म्हातारा खाटेवर बसून एकच वाक्य घोळवत होता, पेटलेली भट्टी सोडून जाणारा माणूस मी नव्हे.

"भट्टी मी बघतो, आबा," मुलगा म्हणाला.

"हा? याच्या पायाला काय कळतं?" म्हाताऱ्याने भिंतीला विचारले.

"आणि तुमच्या पायाला काय कळतंय?" सून म्हणाली.

मुलाच्या तोंडचे पाणी पळाले. तिलाही वाटले, गेले, आता म्हातारा तांब्या फेकतो. पण तोंडातून निघालेले परत कसे घेणार? मग तिने तसेच पुढे रेटले.

"अर्धी भट्टी जाळली तुमच्या पायांनी. माझी चप्पल चिकटली तेव्हाच मी बोलले असते तर पहिलीही वाचली असती कदाचित. नाही बोलले, चुकले. आता बोलते. भट्टी गेली तर आपण पुन्हा थापू, मी थापीन, माझे गुडघे आहेत अजून. पाय साच्यातून निघत नाही, मामा."

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. "हिला बोलायला कोणी शिकवलं?" त्याने मुलाला विचारले.

"तुम्हीच," मुलगा म्हणाला. "रोज भट्टीवर उभे राहून शिव्या देता, ती खाली ऐकत असते."

म्हाताऱ्याच्या मिशीखाली काहीतरी हलले. मग तो म्हणाला, "चप्पल काढून चालायचं. भरभर नाही. आणि दर तासाला मला फोन."

सकाळी ट्रॅक्टरवाला ट्रॉली घेऊन दारात हजर. तिच्यात गादी टाकली होती, उशी होती, वर ताडपत्री. आपण फार मोठ्या कामगिरीवर निघालोय अशा थाटात तो हॉर्न वाजवत होता. मुलगा भट्टीवर थांबला. म्हातारी दाराच्या आत उभी होती.

"आत्या, चला ना," सून म्हणाली.

"मी नाही येत. माझा हात लागला की त्यांना भाजतं."

तिने सासूचा हात एकदा घट्ट दाबला आणि ट्रॉलीत चढली.

मोठ्या दवाखान्यात सगळे इतके झटपट झाले, की तिला श्वास घ्यायला फुरसत मिळेना. इकडे सही, तिकडे रक्त, या खिडकीतून त्या खिडकीत, जिन्यावर, जिन्याखाली. डॉक्टरीणबाई ठेंगण्या, चपळ, बोलायला फटकळ. त्यांनी म्हाताऱ्याचा पाय पाहिला आणि म्हणाल्या, "जांघेतून बारीक तार घालीन. बंद जागेतून तार पलीकडे गेली, तर तिच्यावरून छोटा फुगा नेऊन फुगवीन, वाट मोकळी होईल. तार गेली नाही, तर आज काही होणार नाही, आणि मग पायाचं मी खरं सांगते, अवघड आहे. तुम्ही जागे असाल. हलायचं नाही."

"माझी भट्टी पेटलेली आहे," म्हातारा म्हणाला.

"कसली भट्टी?"

सुनेने सांगितले. फोनचेही सांगितले. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. पण टेबलावर घेतल्यावर म्हाताऱ्याची छाती अशी धडधडू लागली आणि "किती वाजले, किती वाजले" असा धोशा त्याने लावला, की त्यांनी सिस्टरला पाठवून सुनेला आत बोलावले. काचेच्या अलीकडच्या खोलीत, जिथे पडदे होते आणि एक माइक. "तुम्ही इथे बसा. भट्टीची बातमी आली की या माइकमधून त्यांना सांगा. माणूस शांत पडला पाहिजे मला."

अशी ती बसली. पलीकडे हिरव्या चादरीखाली सासरा, अलीकडे तिच्यासमोर पडदा. पडद्यावर धूर सोडावा तसे काळे औषध पायात उतरले आणि रक्तवाहिनी दिसू लागली. मांडीत अंगठ्याएवढी जाड, खाली, खाली, आणि मग एकदम संपली! झाडाची फांदी मोडावी तशी. पुढे वीतभर काही नाही. त्याच्या पलीकडे बारीक बारीक केसांसारख्या धाग्यांतून थोडे औषध पाझरत होते, त्याच्यावर हा पाय आजवर जगला होता. सुनेने तोंडावर हात ठेवला. कोणी न सांगताही तिला सगळे समजले.

तार आली. पडद्यावर ती बारीक काळी रेघ दिसत होती. तुटलेल्या जागेपाशी येऊन थांबली. पुढे सरकली, वाकली, मागे आली. पुन्हा. पुन्हा. सून खुर्चीच्या कडेला आली होती आणि तिची बोटे आपोआप साचा दाबल्यासारखी मांडीवर दाबली जात होती.

तेवढ्यात फोन वाजला.

"अगं, डावा कोपरा!" नवरा धापा टाकत होता. "डाव्या कोपऱ्यात पाय ठेववत नाही. तीन पावलांत चटका बसतो. बाकी ठीक आहे. भोकं बुजवू की राहू दे? आबांना विचार!"

तिने माइक दाबला. "मामा, डाव्या कोपऱ्यात पाय ठेववत नाही म्हणतात. बुजवू का विचारताहेत."

पलीकडून म्हाताऱ्याचा आवाज आला, छताला उद्देशून. "किती पावलांत?"

"तीन."

पडद्यावर तार पुन्हा पुढे सरकली आणि पुन्हा वाकली.

"आबा काय म्हणाले?" फोनवर नवरा ओरडला. "लवकर सांग, पोळतंय मला!"

तिने तेही जसेच्या तसे माइकमधून सांगितले. "मामा, पोळतंय म्हणतात."

"मग मला कशाला विचारतोय?" म्हातारा म्हणाला. "त्याला पोळतंय ना? त्याला सांग, तुझ्या पायाला जे कळतंय ते कर. यापुढे मला विचारू नको."

सुनेने ऐकले, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. तिने फोन तोंडाशी धरला. "मामा म्हणतात, तुमच्या पायाला जे कळतंय ते करा."

पलीकडून "बुजवतो!" असे तो इतक्या जोरात ओरडला, की शेजारचा तंत्रज्ञ दचकला. पुढे फोनवर नुसता धावण्याचा आणि घमेल्यांचा आवाज.

"आता कोणी बोलू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तार सरकली. थांबली. बाईंनी तिला बोटांत हलकेच फिरवले, सुईत दोरा घालताना फिरवतात तसे. तार कणभर आत गेली. आणखी कणभर. मग वाकली नाही. त्या मोडक्या जागेतून, काही नसलेल्या त्या वीतभर अंधारातून ती खाली उतरत गेली, उतरत गेली, आणि पलीकडे एकदम सुळकन सरळ झाली.

"गेली!" तंत्रज्ञ म्हणाला.

"गेली!" सून ओरडली, आणि तिचा अंगठा माइकवरच होता.

"काय गेली?" म्हातारा घाबरून म्हणाला. "भट्टी गेली?"

"तार गेली, मामा! तार पलीकडे गेली!"

काचेपलीकडे डॉक्टरीणबाईंचे खांदे हसण्याने हलले, पण हात हलले नाहीत. फुगा फुगला, पडद्यावर तो छोट्या शेंगेसारखा दिसला. म्हातारा "ओय ओय" करू लागला, पाय फुटतो म्हणाला. "फुटत नाही, उघडतोय," बाई म्हणाल्या. एकदा फुगवला, दोनदा, तीनदा. एके जागी आतून जाळीही बसवली. मग पुन्हा औषध सोडले. आणि ते मांडीतून जे सुटले, ते गुडघा ओलांडून, पोटरी ओलांडून, घोट्यापर्यंत सरसर धावले. जिथे मघाशी काही नव्हते, तिथे काळी, जाड, अखंड रेघ. सुनेला एकदम उभे राहावेसे वाटले आणि ती उभी राहिली. तिच्या हातून खुर्ची पडली, तरी कोणी रागावले नाही.

"करंगळी जाईल," हातमोजे काढत बाहेर येऊन बाई म्हणाल्या. "ती मेलेलीच आहे. टाच भरायला दोन-तीन महिने. सिगारेट एक जरी ओढली, तर मला तोंड दाखवायचं नाही. जखम भरली की रोज चालायचं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं."

"आणि पाय?"

"पाय आहे की," बाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटकडे निघून गेल्या.

म्हाताऱ्याला दुपारी वॉर्डात आणले. पाय सरळ ठेवून पडून राहायचे, वाकवायचा नाही, अशी ताकीद होती. तो सारखा सुनेला पायाला हात लावायला सांगत होता. "बघ. बघ गं. काय वाटतंय?" आणि ती दर पाच मिनिटांनी हात लावून "कोमट आहे" म्हणत होती. पण तिला स्वतःच्या हाताची खात्री वाटेना. आपल्याला हवे तेच आपण म्हणतोय की काय? त्या घरात एकदा पाय चुकले होते, आता हात चुकू नयेत.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला सिस्टर एक छोटे यंत्र घेऊन आली. पेनासारखी दांडी, तिला वायर, वायरला डबी. तिने म्हाताऱ्याच्या पायावर थोडे गार मलम लावले आणि दांडी टेकवली. डबीतून नुसती खरखर. तिने दांडी जरा सरकवली. खरखर. पुन्हा सरकवली. शेजारच्या खाटांवरचे पेशंट मान वळवून बघू लागले. म्हाताऱ्याने श्वास धरला.

आणि मग आवाज आला. सूंऽप. सूंऽप. सूंऽप. वल्हे पाण्यात मारावे तसा, भरलेला, ठाम, एका मागून एक.

"हे काय?" म्हाताऱ्याने विचारले.

"तुमचं रक्त, आजोबा. पायातलं."

"माझं?" म्हातारा म्हणाला. "एवढं मोठ्याने?"

वॉर्डात हशा पिकला. कोणीतरी लांबून टाळीही वाजवली. सुनेने फोन काढला आणि घरी लावला. नवऱ्याने उचलला. भट्टी आटोक्यात होती, कोपरा निवला होता, तो उड्या मारतच बोलत होता. "ते मग," ती म्हणाली, "आधी आत्यांना द्या. घेत नसतील तर त्यांच्या कानाला लावा."

पलीकडे खुडखुड झाली. "नको रे, मला नको," असे लांबून ऐकू आले. मग कोणाचा तरी श्वास अगदी जवळ.

सुनेने काही सांगितले नाही. तिने फोन डबीला टेकवला.

सूंऽप. सूंऽप. सूंऽप.

"हे काय गं?" म्हातारीचा आवाज आला. "मशीन आहे का कसलं?"

"मामांचा पाय आहे, आत्या. रक्त चाललंय त्यांच्या पायातून. तळापर्यंत."

फोनवर काहीच नाही. सून वाट बघत राहिली. "आत्या? आहात ना? रडताय का?"

"गप बस जरा," म्हातारी म्हणाली. "ऐकू दे."

म्हाताऱ्याने डोळ्यांनीच विचारले, कोण आहे. सुनेने ओठांनी सांगितले. तो उशीवर तसाच पडून राहिला, दाराकडे बघत. थोड्या वेळाने सिस्टरने घड्याळ पाहिले आणि दांडी उचलायला लागली, तसा म्हाताऱ्याने तिचा हात मनगटाशी धरला.

"राहू द्या थोडं," तो म्हणाला. "घरी ऐकताहेत."